चार किलो कुठे गेले?

प्रश्न : म्हापशाच्या बाजारात आमचं काजू आणि सुक्या मेव्याचं दुकान आहे. ते मामंजींनी उभं केलं. दोन वर्षांपासून वही मी सांभाळते. 320 नंबरचा काजूगर (नंबर गराच्या आकाराचा, लहान नंबर म्हणजे मोठा गर) गेल्या वर्षी तीनदा घेतला. एप्रिलमध्ये 100 किलो 800 रुपयांनी, चतुर्थीच्या आधी 200 किलो 850 रुपयांनी आणि नाताळाच्या तोंडावर 100 किलो 940 रुपयांनी. आदल्या वर्षीचा काहीच उरला नव्हता. विक्रीचा भाव वर्षभर 1,050 ठेवला. बिलं 310 किलोंची आहेत, म्हणजे मार्चअखेर 90 किलो शिल्लक. (काट्यावर घातले तेव्हा 86 भरले, पण ते जाऊ दे, सुट्या विक्रीत इकडेतिकडे होतंच.) आता या शिल्लक मालाची किंमत काय धरायची यावरून घरात वाद चालू आहे. मामंजी दरवर्षी 31 मार्चला घाऊक व्यापाऱ्याला फोन करून भाव विचारतात आणि तोच सगळ्या मालाला लावतात. यंदा तो 960 निघाला. बी.कॉम. करणारा भाचा म्हणतो, फिफो. अमेरिकेत अकाउंट्समध्ये असलेला माझा भाऊ म्हणतो, लिफो लाव, कर वाचेल. मी सरासरी काढली तर 77,400 रुपये आले. बिलाचं सॉफ्टवेअरही सरासरीच काढतं म्हणतात, पण ते 81,281 दाखवतं. चुकतंय कोण? शिवाय 10 किलोचे दोन डबे पावसात ओलावले, काजू वातड झाले. मिठाईवाला ते 700 नी न्यायला तयार आहे. त्यांची किंमत काय धरू? आणि हे सगळं मामंजींचं मन न दुखवता कसं करू?
एक सून, म्हापसा

उत्तर :

ताई, तुमचे 77,400 बरोबर आहेत आणि सॉफ्टवेअरचे 81,281 ही बरोबर आहेत. भाच्याने आकडा दिला नाही, पण त्याच्या पद्धतीने 84,600 येतात आणि तेही चालतात. भावाचे 72,000 येतात. त्याचं गणित बिनचूक आहे, देश मात्र चुकलाय. चालत नाहीत ते फक्त मामंजींचे 86,400. तुम्ही एवढं तपशीलवार पत्र लिहिलंत आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कंसात घालून ‘जाऊ दे’ म्हणून सोडून दिलीत. तिच्याकडे शेवटी येतो, कारण आधी घरातला वाद मिटवायला हवा.

तुमची वर्षभराची खरेदी 400 किलो, 3,44,000 रुपयांची. हे पैसे कुणाच्याही पद्धतीने बदलत नाहीत. प्रश्न एवढाच की त्यातले किती विकलेल्या 310 किलोंच्या अंगावर टाकायचे आणि किती उरलेल्या 90 किलोंच्या. फिफो म्हणजे आधी आलेला आधी गेला असं धरायचं. मग उरलेला सगळा माल डिसेंबरचा ठरतो, 90 गुणिले 940. लिफो म्हणजे शेवटी आलेला आधी गेला. मग उरलेला सगळा एप्रिलचा, 90 गुणिले 800. सरासरीत 3,44,000 ला 400 ने भागायचं, किलोला 860. तुम्ही तिन्ही भावांची बेरीज करून तीनने भागलं नाहीत हे बरं केलंत, पुष्कळ जण तसंच करतात. त्याने 863 रुपये आणि वर काही पैसे येतात, कारण 200 किलोच्या खरेदीला 100 किलोच्या खरेदीइतकंच वजन मिळतं. भारित सरासरीतला भार तो हाच.

‘धरायचं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. प्रत्यक्षात कुठला डबा आधी फोडला याच्याशी या पद्धतींचं लग्न लागलेलं नाही. तुमचंच दुकान बघा. फिफोप्रमाणे उरलेला सगळा माल डिसेंबरचा, मग पावसात ओलावलेले दोन डबे आले कुठून? नवे डबे पुढे लावले जातात आणि जुने मागे भिंतीला टेकून ओल खात बसतात, असाच याचा अर्थ. तरीही वहीत फिफो लावायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. डबे हलवायची शिस्त वेगळी आणि किंमत धरायची रीत वेगळी. फळीवर मात्र जुना माल पुढेच हवा, मग वहीत काहीही लिहा.

आता तुमच्या आणि सॉफ्टवेअरच्या आकड्यांतला 3,881 रुपयांचा फरक. तुम्ही वर्ष संपल्यावर एकदा सरासरी काढलीत. सॉफ्टवेअर प्रत्येक खरेदीला नवी सरासरी काढतं. समजा, काचेची एकच बरणी आहे आणि जुना माल संपायच्या आत तुम्ही त्यात नवा ओतता. तुम्ही जोडलेल्या विक्रीच्या कागदाप्रमाणे चतुर्थीच्या खरेदीआधी 60 किलो गेले होते, म्हणजे बरणीत 800 चे 40 उरले. त्यात 850 चे 200 पडले आणि सरासरी झाली 841.67. त्यातले 180 विकले, 60 उरले, त्यात 940 चे 100 पडले. नवी सरासरी 903 रुपये साडेबारा पैसे. नंतर 70 विकले, उरले 90, किंमत 81,281. स्वस्त माल आधीच्या गिऱ्हाइकांबरोबर निघून गेला, म्हणून बरणीतला उरलेला महाग. हिशेबाच्या मानकात दोन्ही रीती मान्य आहेत, वर्षाअखेर एकदाच काढा किंवा माल आला की काढा. फिफोला ही भानगड नाही. वर्षाअखेर काढा नाहीतर रोज काढा, उत्तर तेच येतं.

भावाचं म्हणणं थोडं सविस्तर घेतो, कारण तो परदेशात आहे म्हणून घरात त्याचं वजन असणार. अमेरिकेत लिफो 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून करकायद्यात आहे. भाव चढते असले की नफा कमी दिसतो आणि कर पुढे ढकलला जातो. तिथेही एक अट आहे. करासाठी लिफो लावलात तर भागधारकांना दाखवायच्या हिशेबातही तोच लावावा लागतो, सरकारला एक नफा आणि बाकीच्यांना दुसरा असं चालत नाही. आपल्याकडे साठ्याच्या हिशेबाचं लेखा मानक दोन 1999 मध्ये सुधारलं तेव्हा लिफो बाहेर पडला. आंतरराष्ट्रीय मानकातून तो 2003 च्या दुरुस्तीने गेला, अंमल 2005 पासून. आयकराच्या हिशेबासाठी जी मानकं 2016-17 या वर्षापासून लागू झाली त्यांतही अशा एकसारख्या मालासाठी फिफो आणि भारित सरासरी हीच दोन नावं आहेत. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरच्या यादीत लिफो दिसतो, शेवटच्या खरेदीचा भावही दिसतो. यादीत दिसतो म्हणून तो लावता येतो असं समजू नका.

भाच्याला सांगा, तुझं चुकत नाही. पण एक लक्षात ठेव. फिफोत नफा जास्त दिसतो तो भाव चढत असले तरच. काजूचे भाव पडले की हेच चित्र उलटं होतं. परीक्षेत ‘फिफो म्हणजे जास्त नफा’ असं ठोकून देणारी मुलं मी भरपूर पाहिली आहेत.

आता मामंजी. त्यांनी 960 धरले, आणि तुमची सगळ्यात महाग खरेदी 940 ची. म्हणजे जो पैसा तुम्ही कधी दिलाच नाहीत तो मालाच्या किमतीत शिरला आणि न विकलेल्या काजूवर नफा दिसला. हे चालत नाही, आणि हे काल-परवाचं नाही. 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चैनरूप संपतराम या चांदीच्या व्यापाऱ्यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की शिल्लक मालाची किंमत लावण्यातून नफा जन्माला येत नाही. माल स्वस्त झाला तर संभाव्य तोटा आधी धरायला हरकत नाही, पण संभाव्य नफा विक्रीआधी धरायचा नाही. खरेदीची किंमत किंवा विकून हातात पडेल ती रक्कम, यांतली जी कमी ती.

तुमच्या दोन डब्यांचं उत्तर याच नियमात आहे. मिठाईवाला 700 देतो; पोचवण्याचा खर्च किलोला 10 धरू, हातात 690. सरासरी खरेदी 860. म्हणून हे 20 किलो 690 ने धरायचे, 13,800 रुपये. फरकाचे 3,400 याच वर्षी तोट्यात. इथे पुष्कळ दुकानदार एक चलाखी करतात. सगळ्या मालाची एकत्र किंमत आणि एकत्र विक्रीमूल्य काढतात, मग चांगल्या मालाच्या नफ्याखाली खराब मालाचा तोटा दडून जातो. तसं करू नका. जिन्नसवार बघा. 180 नंबर, 240, 320, पाकळी, तुकडा, प्रत्येकाचं पान वेगळं आणि सरासरीही वेगळी. सगळ्या काजूची मिळून एक सरासरी काढलीत तर मोठ्या गराची किंमत तुकड्यावर चढेल.

आता तो कर वाचण्याचा मुद्दा. त्याने घराघरांत उगाच रक्त आटतं. तुमच्या वर्षाचा काजूवरचा नफा 1,050 च्या विक्रीवर असा येतो: लिफोने 53,500, तुमच्या सरासरीने 58,900, सॉफ्टवेअरच्या सरासरीने 62,781, फिफोने 66,100, मामंजींच्या फोनने 67,900. आता पुढच्या वर्षी हेच 90 किलो 1,050 ने गेले असं समजा. त्यांवरचा नफा लिफोला 22,500, तुमच्या सरासरीला 17,100, फिफोला 9,900, मामंजींना 8,100. दोन्ही वर्षांची बेरीज करा. प्रत्येकाचे 76,000. सॉफ्टवेअरचेही 76,000, करून बघा. पद्धतीने नफा बदलला नाही, फक्त या वर्षाचा त्या वर्षात सरकला. (दरवर्षी शिल्लक वाढतच गेली तर लिफोत जुन्या स्वस्त मालाचा हा थर कित्येक वर्षं सुटत नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांना तो आवडतो यामुळेच. पण तो आपला विषय नाही.)

म्हणजे फिफो की सरासरी या वादात 7,200 रुपयांचा नफा एक वर्ष मागेपुढे होतो. त्यावरचा कर किती? शिवाय दुकान मामंजींच्या नावावर असेल आणि त्यांनी लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्याच्या नागरी कायद्यातल्या पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेमुळे धंद्याचं उत्पन्न आयकरात त्यांच्या आणि सासूबाईंच्या नावावर निम्मं-निम्मं वाटलं जातं. म्हणजे हा फरक दोन विवरणपत्रांत आणखी पातळ होतो. आणि उलाढाल दोन कोटींच्या आत असून तुमचे सीए अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरत असतील, म्हणजे रोखीच्या विक्रीवर 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा धरून, तर शिल्लक मालाची किंमत कशीही काढा, करात एक रुपयाही हलत नाही. हे आधी सीएंना विचारा. मग मार्चअखेरचे हे वाद निदान कराच्या नावाखाली तरी होणार नाहीत.

मग घ्यायचं काय? सुट्या काजूला भारित सरासरी, आणि तीही तुमची, वर्षाअखेरची. सॉफ्टवेअरची सरासरी जास्त बारकाईची आहे हे मान्य. पण ती प्रत्येक खरेदीच्या क्षणी बरणीत नेमके किती किलो होते यावर चालते, आणि तुमचं सॉफ्टवेअर जे 90 म्हणतं ते काटा 86 म्हणतो. ज्या यंत्राला शिल्लक ठाऊक नाही त्याच्या दोन दशांश स्थळांचं कौतुक कशाला? वर्षभर बिलं चोख झाली की मग सॉफ्टवेअरकडे जा. खारे पिस्ते, मनुका, चॉकलेटं असला शेकडो पाकिटांचा माल एकेक करून हुडकत बसू नका. विक्रीच्या किमतीतून तुमचा ठरलेला नफा वजा करून किंमत धरायची रीत किरकोळ दुकानांना मान्य आहे, फक्त नफ्याचं प्रमाण सारखं असलेला माल एका गटात घ्या. प्रत्येक वस्तूची स्वतःची खरेदी शोधायची पद्धत सोनारासाठी. त्याचा प्रत्येक हार वेगळा असतो. तुमचे 320 चे दोन काजू एकमेकांना ओळखतही नाहीत.

खरेदीच्या किमतीत वाहतूक आणि हमाली धरा. दुकानाचं भाडं आणि विकणाऱ्या मुलीचा पगार धरायचा नाही. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेत असाल, म्हणजे विक्रीवरच्या करातून तो वजा करत असाल, तर तो कर या वहीत किमतीत नको (आयकरासाठी सीए तो वेगळ्या रीतीने मांडतात, त्याने नफा हलत नाही). कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असाल तर तो परत मिळत नाही, म्हणून धरा.

320 चा मागचा साठा नव्हता, पण बाकीच्या मालाची पद्धत बदलताना आरंभीचा साठा नव्याने लावायचा नाही. गेल्या वर्षीच्या ताळेबंदात मामंजींच्या हिशेबाने जो अखेरचा आकडा होता तोच या वर्षीचा आरंभ. फरक यंदा एकदाच बसेल. तो किती आणि कशामुळे हे दोन ओळींत लिहून ठेवा, सीएंना द्या. आणि पुढच्या मार्चला नफा कमी दिसतोय म्हणून परत फोनकडे वळू नका. दरवर्षी सोयीची पद्धत निवडणारा दुकानदार अधिकाऱ्याच्या लगेच नजरेत येतो.

मामंजींना मात्र फोन बंद करायला सांगू नका. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर लिहायची जागा चुकते. एप्रिलमध्ये 800 चा काजू 1,050 ने विकताना किलोमागे 250 सुटत होते. डिसेंबरच्या मालावर 110. आज 960 ने आणलात तर 90. आणि तुम्ही भाव वर्षभर हलवला नाहीत! फिफोचे 66,100 बघून खुश व्हायला होतं, पण त्यातला बराच नफा एप्रिलच्या स्वस्त डब्यांचा आहे आणि ते डबे आता परत मिळणार नाहीत. बरणी पुन्हा भरायला काय पडेल हे मामंजींना पस्तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने कळतं. तुमच्या भावाच्या लिफोमागचा विचारही हाच आहे. म्हणून तो 960 दुकानाच्या भावफलकासाठी ठेवा, आणि फोन वर्षातून एकदा नको, दर महिन्याला. विक्रीचा भाव ठरवायचं काम त्यांच्याकडे द्या. साठ्याच्या वहीतून त्यांना काढलं असं त्यांना वाटणार नाही, कारण तसं झालेलंच नसेल.

आता ते कंसातले चार किलो. 860 च्या भावाने 3,440 रुपये. विकले असते तर 4,200. वर ज्या 76,000 वर सगळ्या पद्धतींचं एकमत झालं, त्यातून हे 4,200 गेले आणि ते पुढच्या वर्षी परत येणार नाहीत. तुमच्या घरात ज्या 7,200 वर वाद चाललाय ते नुसते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, हे मात्र खिशातून पडले. बरं, हा एकाच नंबरचा हिशेब. बाकीचे नंबर कुणी काट्यावर घातले का?

चार किलो जायला चार वाटा असतात. गिऱ्हाइकाला चाखायला, काट्यावर हात सैल, घरी आणि देवाला, आणि विकले पण बिल नाही. पहिली वाट धंद्याचा खर्च. तिसरी तुमची घरची उचल. ती मालकाच्या खात्यावर घाला, दुकानाच्या तोट्यात नको. फुकट दिलेल्या आणि गहाळ झालेल्या मालावरचं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं, तेही सीएंच्या कानावर घाला. चौथी वाट असेल तर ती पद्धतीने नव्हे, गल्ल्याजवळ उभं राहूनच सापडेल. शिल्लक दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद झाल्यावर मोजा, आणि शुक्रवार आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उघडण्याआधी, कारण म्हापशाच्या शुक्रवारच्या आठवडी बाजारानंतर रात्री कुणालाच मोजायचं त्राण नसतं. एकाने वजन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने वहीतला आकडा आधी बघायचा नाही. वजन सांगायला मामंजींना बसवा.

यंदापुरतं तुमचं उत्तर असं: चांगले 66 किलो 860 ने 56,760, ओले 20 किलो 690 ने 13,800, एकूण 70,560. कमी भरलेले चार किलो वेगळ्या ओळीत दाखवा, विकलेल्या मालाच्या किमतीत मिसळू नका. नाहीतर पुढच्या वर्षी ते पुन्हा कंसात जातील.

आणि चाखायच्या बशीत 320 कशाला ठेवता? तुकडा ठेवा.